पाण्याची परीक्षा

उत्तरपत्रिका तपासण्यांत आमचीं पस्तीस वर्षें गेलीं. परंतु पाण्याची परीक्षा घेण्याचा योग निवृत्तीनंतर, तोही न्यू जर्सींत चिरंजीवांच्या घरीं आला. आमच्या नातवानें तेथें दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची एक मोठी काचपेटी ठेविली असून तींत जिवंत प्रवाळ वाढतात. गेल्या भाद्रपदांत तो महाविद्यालयाच्या वसतिगृहांत राहावयास गेला. "आजोबा, दर रविवारीं पाणी तपासायचं आणि आकडे वहींत लिहायचे. संच तुम्हीच निवडा," असें सांगून त्यानें पेटी आमच्या हवालीं केली.

प्रवाळ हा प्राणी पाण्यांतला चुना घेऊन आपला सांगाडा बांधतो. म्हणून लिटरमागें कॅल्शियम 400 ते 450 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1300 च्या आसपास आणि अल्कता 8 ते 9 जर्मन अंश राखावी लागते. ह्या परीक्षेंत शंभरांपैकीं शंभर म्हणजे उत्तम असा हिशेब नाहीं. कमी वाईट, तसें अधिकही वाईट. फॉस्फेट तर लिटरमागें 0.03 ते 0.10 मिलिग्रॅम एवढेंच असावें. तें वाढलें कीं शेवाळ माजतें व प्रवाळाचें चुना धरणें मंदावतें. (आपल्याकडे खडक बांधणारे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहेत, हा लेख वाचून कोणीं ते किनाऱ्यावरून उचलून आणूं नयेत.)

संच तीन जातींचे मिळतात. एकांत रंग पालटेपर्यंत थेंब टाकून ते मोजावयाचे. दुसऱ्यांत नळींतला रंग छापील रंगपट्टीशीं ताडावयाचा. तिसऱ्यांत यंत्र नळींतून प्रकाश सोडून तो किती शोषला गेला हें मोजतें व आकडा दाखवितें. अल्कतेसाठीं आम्हीं थेंबांचा संच घेतला. फॉस्फेटसाठीं नातवाचें मत यंत्राकडे होतें. परंतु किंमत पाहून आम्हीं रंगपट्टी पसंत केली. डोळे असतांना यंत्र कशाला, असेंही म्हटल्याचें स्मरतें.

फॉस्फेट असलें कीं नळींतलें पाणी फिकट निळें होतें. आठ रविवार आम्हीं पाहिलें, पाणी स्वच्छ. आठ रविवार वहींत शून्य मांडलें. इकडे काचेवर हिरवट थर चढूं लागला, प्रवाळ तपकिरी पडले, आणि एका फांदीवरची जिवंत त्वचा सुटून पांढरा सांगाडा उघडा पडला. नातवानें फोनवरून "खाणं जास्त पडतंय का?" असें विचारलें, त्याचा आम्हांस रागच आला.

नवव्या रविवारीं सूनबाई शेजारीं उभी होती. "बाबा, हें निळं दिसतंय," ती म्हणाली. आम्हीं तिचें म्हणणें ठामपणें खोडून काढलें. तिनें वाद घातला नाहीं, रंगपट्टीवरचे आकडे तळहातानें झांकून "यांतला शून्याचा चौकोन कोणता?" एवढेंच विचारलें. पहिले तीन चौकोन आम्हांस सारखेच पांढरे दिसत होते!

नेत्रवैद्यानें दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु सांगितला. त्यांत डोळ्याचें भिंग पिवळें पडतें व निळा प्रकाश अडवितें. काविळीनें ग्रासलेल्यास पांढरा शंख पिवळा दिसतो, हें भ्रमाचें जुनें उदाहरण संस्कृतच्या तासाला आम्हीं किती वेळां दिलें असेल! तो रोगी आपणच असूं, हें कधीं मनांत आलें नव्हतें.

मग हॅना कंपनीचें, अंड्याच्या आकाराचें, मुठींत मावणारें यंत्र आणविलें. पहिलाच आकडा 0.41. त्याचेही सोवळें कडक आहे: नळीवर बोटाचा डाग चालत नाहीं, पूड नीट विरघळावी लागते. तें खरें बोलतें कीं नाहीं हें पाहण्यास ठराविक प्रमाणाचें द्रावणही विकत मिळतें. फॉस्फेट एकदम उतरविल्यास प्रवाळ बिथरतात. म्हणून थोडथोडें पाणी बदलीत पांच आठवड्यांत तें 0.09 वर आणलें. थेंबांचा संच मात्र ठेविला. त्यांत हिरव्याचा एका थेंबासरशी तांबूस रंग होतो, आणि तें मोतीबिंदूच्या आडूनही कळत होतें.

हिंवाळी सुटींत नातू आला तेव्हां वही त्याच्यापुढें केली. आठही शून्यांवर लाल शाईनें काट मारून खालीं सही केली होती. मेलेली फांदी हातांत धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "आजोबा, अल्कतेचे आकडे तरी खरे आहेत ना?"

"ते आहेत," आम्हीं म्हटलें. "ते थेंब मोजून काढलेत."