घड्याळाखालची भेट

फुफीजान १९७४ साली लग्न होऊन चिपळूणहून अमेरिकेत शिकागोला गेल्या. त्यांची पत्रे आमच्या घरी मोठ्याने वाचली जायची. त्या पत्रांत बर्फ असायचा, ईदची आठवण असायची आणि एका दुकानाचे नाव हमखास असायचे : मार्शल फील्ड्स. चिपळूणच्या बाजारपेठेतल्या कापड दुकानदाराची लेक परदेशात गेली तरी दुकानाबद्दलच लिहिणार, असे दादाजान हसून म्हणायचे.

यंदा मे महिन्यात आम्ही दोघे फुफीजानकडे गेलो, ते मात्र मनावर एक ओझे घेऊन. जुलै २०२१ च्या महापुरात दादाजानच्या त्या दुकानातला सगळा माल गेला. भाईजानने कर्ज काढून दुकान पुन्हा उभे केले, पण हप्ते काही केल्या आवरत नाहीत. आता एका मोठ्या कंपनीने दुकान चालवायला मागितले आहे. कर्ज फिटेल, भाईजानला पगारही मिळेल. अट एकच, दादाजानच्या नावाची पाटी उतरवायची आणि कंपनीची लावायची. भाईजान म्हणाला होता, "फुफीजानला विचारून या. नाव त्यांच्या वडिलांचे आहे."

फुफीजान शहराच्या उत्तरेला डेव्हन अ‍ॅव्हेन्यूजवळ राहतात. हा रस्ता पाहून आपण परदेशात आहोत हे विसरायला होते. साड्यांची दुकाने, हलाल मटणाची दुकाने, मिठाई, बिर्याणी, सोनार, सगळे ओळीने. याच रस्त्याच्या एका भागाला गांधी मार्ग आणि दुसऱ्याला महंमद अली जिना यांचे नाव दिलेल्या मानाच्या पाट्या आहेत. पहिल्या दिवशी चहा घेताना आम्ही दुकानाचा विषय काढला. फुफीजान गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या स्टेट स्ट्रीटला जाऊ. तिथे सांगते."

दुसऱ्या दिवशी डेव्हनवरून बस, पुढे रेड लाइनची गाडी, आणि लेक स्टेशनला उतरून आम्ही वर आलो. समोर एक अख्खा चौक व्यापणारी दगडी इमारत. स्टेट आणि वॉशिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर भिंतीतून बाहेर आलेले, काळाने हिरवट झालेले भले मोठे घड्याळ. ते १८९७ साली बसवले. नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने १९४५ साली त्याचे चित्र काढले. त्यात घड्याळ दुरुस्त करणारा म्हातारा स्वतःच्या खिशातले घड्याळ पाहून हे मोठे घड्याळ लावतो आहे.

"तुमचे फुफाजान जवळच एका कार्यालयात हिशेबनीस होते," फुफीजान म्हणाल्या. "दर शुक्रवारी संध्याकाळी मी इथे उभी राहायचे. मोबाईल नव्हते. इंग्रजी धड येत नव्हते. पण घड्याळाखाली उभे राहिले की माणूस चुकत नाही, एवढे ठाऊक होते." फुफाजानना जाऊन आता बारा वर्षे झाली.

या दुकानाची गोष्ट सुरू होते १८५२ साली. पॉटर पामर यांनी शिकागोत कापडाचे दुकान काढले. पुढे मार्शल फील्ड त्यात भागीदार झाले आणि १८८१ पासून दुकानाला त्यांचे एकट्याचे नाव लागले. बाईला हवे ते द्या, हे त्यांचे बोधवाक्य. इथेच शिकून गेलेल्या हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज यांनी १९०९ साली लंडनला स्वतःचे प्रसिद्ध दुकान उघडले.

"१९७६ च्या थंडीत इथून कोट घेतला," फुफीजान सांगत होत्या. "घरी जाऊन पाहते तो बाही लांब. भीत भीत परत आणला. काउंटरवरच्या बाईने एक प्रश्न न विचारता बदलून दिला, वर हिरव्या खोक्यात नीट बांधून दिला. मी अब्बांना पत्र लिहिले, की इथेही तुमच्यासारखेच दुकानदार आहेत."

त्या शेवटच्या वाक्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. ते पत्र आमच्या कपाटात अजून आहे.

हे दुकान बंद पडले नाही. विकले गेले, पुन्हा विकले गेले, पुन्हा विकले गेले. १९८२ साली ते ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या तंबाखू कंपनीच्या अमेरिकन शाखेकडे गेले. १९९० साली मिनियापोलिसच्या डेटन हडसनने घेतले. २००४ साली मे कंपनीने. २००५ साली मे कंपनीलाच फेडरेटेडने विकत घेतले. फेडरेटेडकडे न्यूयॉर्कचे मेसीज होते. देशभर एकच नाव असले की जाहिरात एकच करता येते, खरेदी घाऊक होते, खर्च वाचतो, हा त्यांचा हिशेब. ९ सप्टेंबर २००६ रोजी सुमारे ४०० दुकानांवर एकदम मेसीजचे नाव लागले. बोस्टनचे फायलीन्स, पिट्सबर्गचे कॉफमन्स, ह्यूस्टनचे फोलीज, सेंट लुईसचे फेमस बार अशी गावागावांची लाडकी नावे त्या दिवशी गेली. शिकागोत लोक याच घड्याळाखाली निषेधाचे फलक घेऊन जमले.

"तू गेली होतीस का?" आम्ही विचारले.

"गेले होते. त्यानंतर आत पाऊल टाकले नाही."

फुफीजानचा मुलगा सोबत होता. तो म्हणाला, "अम्मी, हेही सांग ना. २००१ साली डेट्रॉईटच्या हडसन्सची आणि मिनियापोलिसच्या डेटन्सची नावे काढून तिथे फील्ड्सचेच नाव लावले होते. तिथले लोकही रडले असतील."

फुफीजान थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खरे आहे. तेव्हा मला काही वाटले नव्हते." आणि अठरा वर्षांनी त्या दारातून आत गेल्या. आम्ही मागोमाग.

आत मान वर करून पाहिले. १९०७ साली टिफनी यांनी रंगीत काचेच्या सुमारे १६ लाख तुकड्यांनी जडवलेले छत जसेच्या तसे आहे. सातव्या मजल्यावरची वॉलनट रूमही आहे. तिथली चिकन पॉट पाय शहरभर नावाजलेली, पण फुफीजान हलालच्या काळजीने नेहमी चहा आणि केकच मागवायच्या. तेच मागवले. नाताळात इथे खोलीच्या मधोमध मोठे झाड उभारतात, ते पाहायला लहानपणी मुलांना आणायच्या. चहा चांगला होता. शेजारच्या टेबलावर एक आजी नातीला फ्रँगोचे चॉकलेट देत होती. हे चॉकलेट पूर्वी याच इमारतीच्या तेराव्या मजल्यावर बनायचे. १९९९ साली ते काम शहराबाहेर गेले.

बाहेर पडल्यावर फुफीजाननी आम्हांला कोपऱ्यावर नेले. भिंतीवर पितळी अक्षरांचा जुना फलक : मार्शल फील्ड अँड कंपनी. वर नाव मेसीजचे, खाली हा फलक. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"आता ऐका. भाईजानला सांगा, पाटीसाठी पोराबाळांना कर्जात ठेवू नको. अब्बांनाही ते आवडले नसते. पण सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर घे. जुने दोन्ही नोकर कामावर राहतील. गिऱ्हाईक माल परत घेऊन आले तर वाद न घालता बदलून मिळेल. आणि अब्बांच्या नावाची पाटी फेकायची नाही, दुकानातच भिंतीवर लावायची. एवढे मान्य नसेल तर मला फोन कर. माझ्या दोन बांगड्या आहेत, एक हप्ता तरी भागेल."

संध्याकाळी भाईजानला फोन लावला. चिपळूणला सकाळ झाली होती, तो दुकान उघडत होता. शटरचा आवाज ऐकू आला. त्याने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "तिसरी अट त्यांनी सांगितली की तुम्ही जोडली?"

"त्यांनीच," आम्ही म्हणालो.

कंपनीने पहिल्या दोन अटी मान्य केल्या आहेत. तिसरीवर बोलणे चालू आहे. भाईजानने अजून सही केलेली नाही. बांगड्या मात्र फुफीजाननी परवा येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर पाठवून दिल्या.