झाडीपट्टीतले दिवस (भाग ४) : प्रतापगडची यात्रा

मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

बल्लारशाच्या गाडीने अर्जुनीला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. मित्र मोटारसायकल घेऊन स्टेशनबाहेर उभाच होता. नागपुरात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली, पण त्याच्या घरी येण्याचा योग आत्ता आला. घर प्रतापगडजवळच्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत. आसपासची गावं तिला नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात. १९७२ साली जंगल तोडून ही वसाहत उभी राहिली. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी माणसांच्या तोंडी वसाहत अजून ‘भंडारा’च आहे.

हिवाळाभर शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली माणसं परतली आहेत. शुक्रवारी लोसार, त्यांचं नवं वर्ष. मित्राच्या आजीने मला पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, “जेवला का बा?”

बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

हा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

प्रतापगडच्या डोंगरावर महादेव आणि इथेच ख्वाजा उस्मान हारुनींचा दर्गा. यात्रेला आलेला माणूस दोन्हीकडे माथा टेकतो. त्यात काही विशेष आहे असं इथे कुणाला वाटतही नाही. सकाळपासून त्रिशूळ खांद्यावर घेतलेल्या टोळ्या चढत होत्या. वाटेवर उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, रताळी, बोरं. शिंगाडे इथल्याच तळ्यांतले.

मित्राचे शाळेतले दोन सोबती आले. एक शेजारच्या गावातल्या धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा अरुणनगरच्या बंगाली वसाहतीतला. त्याचं घराणं पूर्व पाकिस्तानातून आलेलं. तिघांचं आपसात बोलणं झाडीबोलीत. तिच्यात ‘ळ’ नाही, त्याचा ‘र’ होतो. “पारन्यात बसाचं का?” मित्राने विचारलं आणि मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तीन वर्षं माझ्याशी तो पुस्तकी मराठी बोलत आला होता. त्याची खरी भाषा मला आज ऐकू आली.

आकाशपाळण्याच्या एका डब्यात आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो. लोखंडी दांडी अडकवली, खाली इंजिन धडधडलं. दुसऱ्या फेरीत माणसं चढवायला पाळणा थांबला आणि आमचा डबा नेमका टोकाला लोंबकळत राहिला. दांडीचा रंग तळहाताला लागत होता. खाली मौत का कुआँच्या फळ्यांवरून मोटारसायकलचा आवाज घुमत होता. समोर डोंगरावर चढणाऱ्यांची रांग, आणि दुसऱ्या अंगाला झाडांच्या वर वसाहतीतल्या पताका, निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या.

“तिकडं इटियाडोह,” मित्राने धरणाच्या दिशेने बोट दाखवलं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं जंगल. मग त्याने आजीच्या इथल्या पहिल्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली. बर्फातली बाई, मे महिन्यात ओली चादर अंगावर घेऊन झोपायची, आणि ती चादर रात्रीतच वाळून जायची.

मला गेल्या वर्षीची गोष्ट आठवली. एका मोठ्या शहरातल्या मनोरंजन पार्कात आम्ही गेलो होतो. तिकीटखिडकीवरच्या माणसाने मित्राचा चेहरा बघून परदेशी पाहुण्याचा दर मागितला. मित्राने खिशातून रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट काढलं, सरकारकडून वेळोवेळी नवं करून घ्यावं लागणारं. ते बघून तो माणूस आणखीच गोंधळला. आम्ही आत गेलो, पण मित्र दिवसभर एकाही झुल्यात बसला नाही. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

आज पाळणेवाला त्याला म्हणाला, “कॅम्पातला न तू? बापाले सांगजो, मागच्या साली घेतलेला स्वेटर मस्त हाय.” मित्र लागोपाठ चार फेऱ्या बसला.

रात्री घरी गुथुक. वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या एकोणतिसाव्या तिथीला करायचं हे सूप. त्यात कणकेचे गोळे सोडतात आणि प्रत्येकाच्या गोळ्यात काहीतरी दडवलेलं असतं. कोळसा निघाला तर मन काळं, मिरची निघाली तर माणूस बडबडा. मी गोळा फोडला तर लोकरीचा पांढरा पुंजका, म्हणजे मऊ मनाचा. मित्राला मिरची. आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग पदराने पुसावेत तसे तिने पट्ट्यापट्ट्यांच्या पांगदेनने, म्हणजे कमरेच्या एप्रनने, डोळे पुसले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दिवसभर घराची झाडलोट, लोसारचे खाप्से (कणकेचा तळलेला पदार्थ) तळणं. कढईजवळ मलाही बसवलं. यात्रेतली गर्दी अजून ओसरलेली नाही. वारा इकडे वळला की भोंगे ऐकू येतात.

उद्या लोसार, त्याबद्दल पुढच्या भागात. वाचकांना आज एवढंच सांगणं आहे : शहरातल्या एखाद्या खिडकीपाशी असा चेहरा दिसला, तर कागद मागण्याआधी त्याला गाव विचारा. तो मराठीत सांगेल.