फोनचा कागद

पूर्वीच्या टेलिफोन बिलाचा एक मोठा गुण होता. ते फार बोलत नसे. मीटरचा मागचा आकडा, आताचा आकडा, दोहोंची वजाबाकी आणि होणारे पैसे. ट्रंक कॉल तेवढे वेगळे मांडलेले असत. बाकी फोन कुणी केला, कुठे केला, किती वेळ केला, याबद्दल बिलाची मिठाची गुळणी.

आमच्या वाड्यात फोन एकच, तोही मालकांकडे. सगळ्या बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर छापलेला आणि त्याच्यापुढे 'पी. पी.', म्हणजे निरोप देऊन बोलावून घ्यायचा फोन. काळ्या फोनच्या डायलच्या भोकात बारकं कुलूप अडकवलेलं असे. त्यामुळे डायल फिरत नसे, पण थोरल्या पोरांना हुकवर टिचक्या मारून नंबर लावता येई. तिनासाठी तीन टिचक्या, शून्यासाठी दहा. डायलही परत फिरताना लाइन तेवढ्याच वेळा तोडत असल्यामुळे एक्सचेंजला काही फरक कळायचा नाही. मालकांना हे ठाऊक असणारच. बिल आलं की ते चौकात उभे राहून, कुणाकडेही न बघता, 'फोनचं फारच झालंय हो यावेळी' एवढंच म्हणत. आठ-दहा दिवस टिचक्या बंद. कुणाचं नाव निघायचं नाही, कुणाची मान खाली जायची नाही. मालकांचा हा कानाडोळा किती मोलाचा होता, हे मला पुढे पोटापाण्याच्या धंद्यात कळलं.

नव्वदच्या सुमारास मी ईपीएबीएक्स, म्हणजे कंपन्यांची खासगी एक्सचेंजं, बसवायच्या कामाला लागलो. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, देशी डिजिटल एक्सचेंजं निघाली, आणि बघता बघता भोसरी-चिंचवडच्या लहानसहान कारखान्यांतही भिंतीवर बोर्डाचा डबा आला. तोपर्यंत बाहेरचा फोन ऑपरेटरबाईंकडून मागायचा. त्या लाइन देत आणि रजिस्टरात लिहून ठेवत. त्या रजिस्टरातही वाड्याच्या मालकांचीच रीत चाले. कुणाची आई दवाखान्यात आहे, कुणाच्या मुलीचं स्थळ ठरतंय, हे बाईंना माहीत असे. काही फोन लिहिले जात, काही राहून जात. डबा आल्यावर ज्याच्या त्याच्या टेबलावरून शून्य दाबून थेट लाइन मिळू लागली. साहेब लोकांना धास्ती बसली ती एस.टी.डी.च्या, म्हणजे परगावच्या थेट फोनच्या, बिलाची. डब्याच्या कडेला नऊ किंवा पंचवीस पिनांचा एक पोर्ट असे. त्याला प्रिंटर जोडला की प्रत्येक फोन कागदावर उतरतो, हे आम्हीच त्यांना सांगायचो. मग हमखास ऑर्डर मिळे.

त्या जोडणीचं नाव आरएस-२३२. हे प्रमाण अमेरिकेत १९६० साली ठरलं. आपल्याकडे लखनौ-कानपूर ही पहिली एस.टी.डी. सुरू झाली तीही १९६० सालीच. महाराष्ट्र राज्यही त्याच सालचं, म्हणजे तिघं एका वर्गातले. मुळात हे प्रमाण टर्मिनल आणि मोडेम यांच्यासाठी. आमचा बोर्ड आणि प्रिंटर हे दोघंही स्वतःला टर्मिनल समजायचे. दोघंही एकाच पिनेवरून बोलणार आणि एकाच पिनेवर कान लावून बसणार. म्हणून केबलमध्ये दोन आणि तीन नंबरच्या तारा उलटसुलट करून सोल्डर मारायचा. प्रिंटर असायचा डॉट मॅट्रिक्स. एप्सनच्या एलएक्स-३०० ला सिरियल पोर्ट आयता मिळे, नाहीतर वेगळं कार्ड शोधत फिरावं लागे. वेग दोन्हीकडे सारखा हवा. एका बाजूला १२०० आणि दुसऱ्या बाजूला ९६०० राहिला, की कागदावर नुसता कचरा.

सगळं जुळलं तरी शेवटचा एक खोडा असायचाच. काही बोर्ड ओळ संपली की 'डोकं डावीकडे ने' एवढंच सांगत. 'कागद पुढे सरकव' हे सांगतच नसत. मग दिवसभराचे फोन एकाच ओळीवर छापले जात. रिबनची शाई बसून बसून ती ओळ काळीकुट्ट होई, पिना टोचून कागद भोसकला जाई. प्रिंटरचं झाकण उघडून एक नखाएवढा डिप स्विच सरकवला, की ओळी शहाण्यासारख्या एकीखाली एक येत. तारीख, वेळ, एक्स्टेंशन, लाइन, लावलेला नंबर, कालावधी. ०२३१ म्हणजे कोल्हापूर, ०७१२ म्हणजे नागपूर. भोकांच्या पट्ट्यांचा लांबच लांब कागद करकरत बाहेर यायचा आणि आसपासची माणसं काम सोडून बघत राहायची. आपला नंबर आपल्याच डोळ्यांदेखत छापला गेला, की एखादा हसायचा आणि मग हळूच जागेवर जाऊन बसायचा.

एका कारखान्यात केबल लावून आठवडा झाला नाही तोच अकाउंट्सच्या साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर कागदाची घडी, हातात लाल पेन. स्टोअरच्या एक्स्टेंशनवरून रोज संध्याकाळी साताऱ्याला फोन, पाऊण मिनिटाचा. 'रोज पाऊण मिनिटात काय बोलतो हा?' स्टोअरकीपर शेजारीच उभा होता. तो म्हणाला, 'साहेब, बोलतच नाही. दोन रिंगा देतो आणि ठेवतो. पाळी संपली, निघालो, एवढं घरी कळतं. कुणी उचलत नाही, म्हणून पैसेही पडत नाहीत.' साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तो म्हणतो ते खरं आहे. पलीकडे फोन उचलला गेला की नाही, हे साध्या लाइनवर बोर्डाला समजत नाही. त्यासाठी एक्सचेंजकडून लाइनवर रिव्हर्सल, म्हणजे फोन उचलल्याची खूण, घ्यावं लागतं, पी.सी.ओ.वाले घेतात तसं. ते नसेल तर नंबर लावून झाला की बोर्ड आपलं घड्याळ सुरू करतो. रिकाम्या घरात वाजलेली घंटाही त्याच्या लेखी संभाषणच.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं, स्टोअरकीपरला जायला सांगितलं. दार लागल्यावर मला म्हणाले, 'हे मला आधीही माहीत होतं हो. म्हणजे असं काहीतरी चालतं, एवढं माहीत होतं. पण आता कागदावर आलं. कागदावर आल्यावर विचारावं लागतं. आज मी विचारलं नाही, तर उद्या माझा वरचा मला विचारेल.' मी एक मिनिटाच्या आतले फोन छापू नयेत असं सेटिंग करून दिलं. ते पाहून त्यांचा जीव खरोखर भांड्यात पडला.

तेव्हापासून मी या कागदाकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. त्यामुळे एस.टी.डी.चं बिल आटोक्यात यायचं, यात वाद नाही. रात्री अकरानंतर दर पाव होतो म्हणून पी.सी.ओ.पुढे रांगा लागायच्या त्या दिवसांत आठशे-हजार रुपये वाचणं ही चेष्टा नव्हती. पण कागद साहेबांकडून एक गोष्ट काढून घ्यायचा: न बघण्याची मुभा. लोकही मग हिशेबानं वागू लागत. कुणी दुसऱ्याच्या टेबलावरून फोन करी. कुणी प्रिंटरचं ऑनलाइनचं बटण दाबून त्याला गप्प बसवी. पण नोंदी बोर्डाच्या पोटात राहत, आणि सकाळी प्रिंटर चालू केला की आदल्या दिवशीचं सगळं खडखडत बाहेर पडे. दहा मिनिटांच्या ज्या फोनचा प्रश्न बोलून मिटवता आला असता, त्याच्यासाठी मेमो निघत.

मग कागद गेला, संगणक आला. तीच केबल कॉम पोर्टात. पुढे १ मार्च २००६ ला बी.एस.एन.एल. आणि एम.टी.एन.एल.ची वनइंडिया योजना आली, देशभरात कुठेही एक रुपया मिनिट. कोल्हापूर आणि नागपूर एका भावात आले, तशी अकाउंट्सची लाल पेनं आपोआप मिटली. पैशांसाठी लॉग बघणारं कुणी उरलं नाही. लॉग मात्र उरला. आजच्या आयपी बोर्डातही ही सोय आहे, फक्त नोंदी नेटवर्कच्या केबलमधून जातात. सोबत संभाषणाचं रेकॉर्डिंगही मिळतं. घरी तर प्रत्येकाच्या खिशात निळी खूण आणि 'लास्ट सीन' आहेच. मुलगा रात्री दीडला जागा होता हे मला दिसतं. दिसलं की तोंडातून निघतं, आणि सकाळचा चहा कडू होतो. वाड्याच्या मालकांकडे ही सोय नव्हती, म्हणून त्यांचं आमच्याशी पटलं असावं.

अजूनही कामं येतात. नवीन ऑफिसातली तरुण मंडळी यादी काढूनच बसलेली असतात: लॉग हवा, रेकॉर्डिंग हवं, रोजचा रिपोर्ट मेलवर हवा. मी सगळं करून देतो, ते माझं कामच आहे. फक्त चालू करण्याआधी विचारतो, 'हे रोज वाचणार कोण, आणि वाचून काय करणार?' बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. मग मी सुचवतो, नोंदी महिनाभर राहू द्या, तक्रार आली तर काढून बघा, रोजचा रिपोर्ट बंद ठेवा. काही ऐकतात, काही ऐकत नाहीत. जे ऐकत नाहीत त्यांचा दोन-तीन महिन्यांत फोन येतो: तो मेल बंद कसा करायचा?