पत्र्याच्या एस. टी.चे दिवे

गेल्या गणपतीत आमच्या वरंधच्या घरी ओटीवर आगगाडी धावली. नातू पुण्याहून येताना ती खोक्यात बांधून घेऊन आला होता. एक इंजिन, तीन डबे आणि तुकड्या-तुकड्यांनी जोडायचे रूळ. गणपतीपुढे त्याला वरंधचा घाट करायचा होता आणि घाटाच्या पायथ्यातून रेल्वे न्यायची होती. मी म्हटले, "अरे, इथे रेल्वे कुठली? आपले स्टेशन वीर, ते महाडच्याही पलीकडे." तर म्हणतो, "आजोबा, देखाव्यात चालतं."

चालते म्हटल्यावर आम्ही कामाला लागलो. दगड रचले, चिकणमातीच्या रबडीत गोणपाट बुडवून त्यावर पांघरले, की डोंगर तयार. वरून नाचणी पेरली, ती चौथ्या दिवशी हिरवी झाली. शिवथरघळीचा धबधबा कापसाचा केला. हे सगळे आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यामुळे पोरासोरांनाही येते, त्यात नवल नाही. नवल पुढेच होते. नातवाला रस्त्यावरच्या गाड्यांना दिवे हवे होते, आणि तेही खरोखर लागणारे.

हे खूळ त्याच्या डोक्यात कोथरूडला शिरले. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ ला ते लोकांसाठी उघडले. आपली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली तीही १९९८ सालीच, २६ जानेवारीला. मेच्या सुट्टीत नातवाने मला तिथे नेले. एका खोलीत अख्खे गाव, गाड्या, सिग्नल, सर्कससुद्धा. सारे लोक आगगाडीकडे पाहत होते. खोलीतला उजेड कमी झाला तेव्हा मात्र माझे लक्ष रस्त्याकडे गेले. दिवा नसलेली गाडी अंधारात खेळणे राहते आणि दिवा लागला की तिच्यात कोणी तरी बसलेले असते. मी हे नातवाला बोलून दाखवले, ते मला गणपतीत असे भोवले.

जर्मनीत हॅम्बुर्गला २००१ पासून असाच एक मोठा देखावा आहे. तिथे रस्त्यावरच्या मोटारी आपल्या आपण वळतात. रस्त्याच्या थराखाली लोखंडी तार पुरलेली असते आणि मोटारीच्या पुढच्या चाकांना लोहचुंबक जोडलेले असते. चुंबक तारेमागे जातो आणि चाके त्याच्यामागे. बैल चाकोरी सोडत नाही, तसेच म्हणा ना.

आमच्या गाड्या जागेवर उभ्या राहणार होत्या, त्यामुळे काम सोपे वाटले. आगगाडीला वीज रुळांतून मिळते. दोन रूळ म्हणजे दोन तारा, १२ व्होल्ट. पण रस्त्यावरच्या गाडीला रूळ कुठला? तिला खालून तार द्यावी लागते. चाकामागे फळीला बारीक भोक पाडायचे आणि केसासारखी तार वर काढायची. ती तार मी जळालेल्या पंपाच्या मोटरीच्या वाइंडिंगमधून सोडवली. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी एक ध्यानात ठेवावे. या तारेवर व्हार्निशचा थर असतो. तो पात्याने खरवडल्याशिवाय डाख बसत नाही, आणि बसला असे वाटले तरी वीज जात नाही. माझी एक दुपार त्यात गेली.

पूर्वी या छंदातले लोक इवलेसे बल्ब वापरत. परदेशात त्यांना 'गव्हाचा दाणा' म्हणत, आणि त्याहून लहानाला 'तांदळाचा दाणा'. साहेबालाही शेवटी माप शेतातलेच सापडले. ते तापत, जळत, प्लॅस्टिकची गाडी वितळवत. आता एल. ई. डी. आले. त्यात तर दीड मिलिमीटरचाही मिळतो, म्हणजे आपल्या नाचणीचा दाणा. माझ्या डोळ्यांना तो दिसेना, म्हणून नातवाने बुधवार पेठेतून आणलेले तीन मिलिमीटरचेच घेतले.

पहिले दोन मी थेट १२ व्होल्टला लावले आणि जाळले. पांढऱ्या दिव्याला साधारण तीनच व्होल्ट लागतात. उरलेले नऊ कोणी तरी अडवायला हवेत. ते काम रेझिस्टरचे. एक हजार ओहमचा लावला की दिव्यातून नऊ मिलिअँपियर जातात आणि तो सुखाने जगतो. पाटाला फळी घालून पाणी रोखतो, तसाच हा प्रकार. गणपतीत पाऊस असतो आणि लाइट हमखास जाते, म्हणून वीज घेतली फवारणीच्या पाठीवरच्या पंपातली, १२ व्होल्टची बॅटरी. मध्ये फ्यूज मात्र घाला. तारेला तार लागली तर एवढीशी बॅटरीही तार लाल करते.

जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या जीप आणि ट्रक एका दिवसात उरकले. प्लॅस्टिकमधून उजेड झिरपून सगळी गाडीच कंदिलासारखी दिसते, तेव्हा आतून काळा रंग मारला, एवढेच.

मग नातवाने माळ्यावरून बाबांची एस. टी. काढली.

बाबा एस. टी.त ड्रायव्हर होते. भोरहून घाट उतरून महाडला जाणारी संध्याकाळची गाडी पुष्कळ वर्षे त्यांच्याकडे होती. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांनी डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून हातभर लांबीची बस केली. तिला खिडक्या होत्या, पाठीमागे टपावर चढायची शिडी होती, आणि पुढे बॅटरीचे दोन बल्ब. आत दोन सेल बसत. ती बस रात्री अंगणात लावली की वाडीतली मुले गोळा होत. पुढे सेल काढले, बस माळ्यावर गेली, टपाला गंज चढला. बाबांना जाऊनही सव्वीस वर्षे झाली.

नातू म्हणाला, "हीच लावायची." मी नको म्हटले. कारण सांगितले ते असे, की बस इंजिनाच्या चौपट मोठी दिसते. ते खरेही होते. त्या मापाच्या रेल्वेत सगळे सत्त्याऐंशी पटींनी लहान असते. अकरा मीटरची बस साडेबारा सेंटिमीटर भरायला हवी, माणूस बोटाच्या पेरापेक्षा लहान. पण पोर हुशार. त्याने बस अगदी पुढे, पाहणाऱ्याच्या नाकासमोर ठेवली आणि रेल्वे मागे दूर नेली. जवळचे मोठे, लांबचे लहान. कोणाला खटकले नाही.

खरे कारण वेगळे होते. बसच्या आत मला एकच तार सापडली. दुसरी उंदरांनी खाल्ली असणार असे मी धरून चाललो. नवी घालायची तर पत्र्याला चार भोके पाडावी लागणार, गंजलेला पत्रा, कुठून फाटेल सांगता येत नाही. बाबांच्या हातचे तेवढेच काय ते घरात उरले होते. दोन दिवस मी ड्रिल हातात घेऊन बसत होतो आणि ठेवून देत होतो. नातू घुश्शात.

तिसऱ्या दिवशी पॉवर टिलरचा दिवा लागेना म्हणून तो उघडला. दिव्याला तार एकच! दुसरी तार म्हणजे टिलरचे अंगच. सगळ्या मोटारगाड्यांत असेच असते. बॅटरीची एक बाजू सांगाड्याला जोडलेली असते आणि परतीची वीज लोखंडातून जाते. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पंप दुरुस्त करणारा माणूस, पण डोक्यात घरच्या दोन तारांचे वायरिंग बसलेले. बाबांनी मात्र खेळण्यातही गाडीचेच वायरिंग केले होते. उंदरांनी काही खाल्ले नव्हते. दुसरी तार कधी नव्हतीच.

मग सगळा दोष निघाला गंजाचा. बल्बाची बैठक पत्र्याला जिथे टेकते तिथे काळपट थर जमला होता. काचकागदाने घासला, रुपयाएवढी जागा चकचकीत केली, डाख दिला. दिव्याचा लांब पाय तारेला रेझिस्टरमधून, आखूड पाय पत्र्याला. आखूड पायच तिकडे, बरे का! एल. ई. डी.तून वीज एकाच दिशेने जाते, उलटे जोडले तर लागतच नाही. खालची तार चाकाच्या लोखंडी कण्याला टेकवली. एकही भोक पाडावे लागले नाही.

आई ओटीवर खुर्चीत बसली होती. तिला आता अठ्ठ्याऐंशी चालू आहे. मोतीबिंदू काढले आहेत, पण विसर पडतो. तरुणपणी ती पडवीतून घाटाकडे डोळे लावून बसायची. दिवे वळण उतरताना दिसले की चूल पेटवायची. ती सवय अजून गेलेली नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल पडला आणि दोन एस. टी. गाड्या नदीत गेल्या, २२ जुलै २०२१ ला आमच्या जवळच्या तळियेवर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर पावसाळ्यात घाट कितीदा तरी बंद राहिला. तरी पाऊस लागला की ती विचारते, "गाडी आली का रे?" आम्ही काही तरी उत्तर देतो.

दिवे लावले. नातू ओरडला, "पणजी, बघ!" आईने पाहिले आणि हात डोळ्यांवर धरला.

"कुणाची गाडी ही?"

"बाबांची, आई."

"नव्हं. त्यांच्या गाडीचा उजेड असा डोळ्यात घुसत नव्हता."

नातवाचे तोंड उतरले. पण म्हातारीचे बरोबर होते. जुन्या गाड्यांचे दिवे पिवळे आणि मंद असत. पांढरा एल. ई. डी. मुळात निळाच असतो, त्यावर पिवळा लेप दिलेला असतो म्हणून तो पांढरा दिसतो. हा निळा दिवा शोधणाऱ्या तिघा जपानी शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. एवढे सगळे आईला काय सांगणार? मी हजार ओहमच्या जागी ४७०० चा रेझिस्टर घातला, उजेड पाव झाला. पिवळेपणा आणायला सुनेने युक्ती काढली. बिनरंगी नेलपॉलिशमध्ये चिमटीभर हळद कालवली, निवळू दिली आणि वरचे पिवळे पाणी दिव्याला दोनदा लावले. उन्हात हा रंग उडतो, पण ओटीवर ऊन कुठे येते?

गौरी आल्या त्या संध्याकाळी लाइट गेली. समई आणि घाटातले दिवे एवढेच काय ते उरले. गोणपाटाच्या वळणावर बाबांची बस उभी, पुढे दोन हळदी ठिपके. आई बराच वेळ पाहत राहिली. मग पदर सावरला आणि सुनेला म्हणाली, "चहाचं आधण ठेव गं." आणि थोड्या वेळाने माझ्याकडे वळून, "आज हॉर्न नाही दिला त्यांनी?"

गावाच्या वळणावर बाबा दोनदा हॉर्न देत असत. हे नातवाला कोणी सांगितले नव्हते. तरी त्याने डोंगरामागे तोंड लपवून दोनदा "पों, पों" केले.

सुनेने चहा टाकला. एक कप जास्तीचा.