गाडी कुणाच्या नावावर आहे?

"एवढ्या जुन्या गाडीची कसली तक्रार करताय मामा? दोन दिवस शोधा, कुणीतरी चुकून नेली असंल."

पोलीस ठाण्यात हे ऐकून मुकाट बाहेर आलेला माणूस माझा सख्खा मामा. साठी ओलांडलेला, इंदापूर तालुक्यात भवानीनगरच्या पुढं चार एकर ऊस आणि दोन म्हशी असलेला. पुढं गाडी परतही मिळाली, पण ते वाक्य मला आजही सहन होत नाही.

गाडी म्हणजे २०१० सालची हिरो होंडा स्प्लेंडर. विकायला काढली असती तर पंधरा-वीस हजारांच्या वर कुणी बोललं नसतं. पहाटे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीला जायचं ते याच गाडीनं. वैरणीचा भारा तिच्यावर, खताचं पोतं तिच्यावर, मामींचा दवाखाना तिच्यावर, आणि शेतीपंपाची वीज रात्री असली की विहिरीवर मोटार चालू करायला अंधारात जायचं तेही तिच्यावर. ती गेल्यावर पहिल्याच सकाळी दूध घालायला शेजाऱ्याच्या पोराच्या हातापाया पडावं लागलं. म्हणजे प्रश्न पंधरा हजारांचा नव्हता.

२०२४-२५ च्या गाळप हंगामात, मामींना बारामतीला तपासणीसाठी आणलं तेव्हा दवाखान्यासमोरच्या रांगेतून गाडी गेली. हँडल लॉक कधीचंच निकामी झालेलं. किल्ली इतकी झिजलेली, की गाडी चालू असताना ती खड्ड्यात उडून पडायची आणि गाडी तशीच चालत राहायची. गावात निम्म्या स्प्लेंडरींची हीच कथा आहे. नव्या महागड्या गाड्यांना किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न करणारी यंत्रणा असते. या गाड्यांना ती नाही. शिवाय स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे आणि तिचे सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावात खपतात. चोराला अख्खी गाडी विकायची गरजच पडत नाही.

त्यात आपला मुलूख असा, की नीरा ओलांडली की सातारा किंवा सोलापूर, हिंगणगावाजवळ भीमा ओलांडली की पुन्हा सोलापूर, आणि भिगवणकडून पलीकडं गेलं की अहिल्यानगर. तासाभराच्या आत गाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांच्या हद्दीत. हंगामात माणसापेक्षाही उंच ऊस दोन्ही अंगांना उभा असतो, त्यात गाडी घातली तर बांधावरून जाणाऱ्यालाही दिसत नाही.

म्हणूनच पहिले काही तास मोलाचे होते, आणि तेच वाया गेले. मामा स्टँड, मंडई, कसब्यातल्या गल्ल्या पायी हिंडले. मामी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या. मला फोन आला तो संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. या वेळी प्रश्न बदलला होता: "गाडी कुणाच्या नावावर आहे?" गाडी वालचंदनगरच्या एका निवृत्त कामगाराच्या नावावर होती. मामांनी ती त्यांच्याकडून रोख पैसे देऊन घेतली, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या, ते फॉर्म आरसीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले आणि विषय तिथंच राहिला. गावाकडं हे सर्रास चालतं. आरटीओत हेलपाटा, एजंटाचे पैसे, दिवसाची खोटी. त्यापेक्षा गाडी चालतेय ना, मग झालं. ठाण्यातलं उत्तर एका ओळीचं होतं, "मालकाला घेऊन या."

मालक वारले होते. मुलगा पुण्यात हडपसरला कामाला. त्याचा नंबर मिळवण्यात, त्याला रजा मिळेपर्यंत थांबण्यात आणि तो आल्यावर "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या" हे ऐकण्यात दिवस गेले. त्या परक्या पोराचं मला अजून कौतुक वाटतं. वडिलांनी कधीकाळी विकलेल्या गाडीसाठी तो भाड्याचे पैसेही न घेता आला आणि ठाण्याच्या बाकावर आमच्याबरोबर बसला.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण हे माहीत असतं तर मामांना बाकावर बसावं लागलं नसतं. वाहनचोरी हा दखलपात्र गुन्हा. त्याची खबर मालकानंच दिली पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. गाडी ज्याच्या ताब्यातून गेली तो देऊ शकतो, इतरही कुणी देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगून ठेवलं, की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावी लागते, आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. खबर ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्यानं नकार दिला तर तीच खबर लेखी स्वरूपात टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. काही गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नव्या कायद्यात आहे हे खरं. पण "तुम्हीच शोधा" असं फिर्यादीला सांगण्याची सोय जुन्या कायद्यात नव्हती आणि नव्यातही नाही.

शेवटी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा नोंदला गेला. मामांनी तो कागद चारचारदा वाचला. मला मात्र तेव्हा वाटलं, एवढं करून काय मिळवलं? गाडी काही येणार नाही.

ती आली. शेजारच्या जिल्ह्यात पोलिसांनी काही मुलांना चोरीच्या दुचाक्यांसह पकडलं. एकाही गाडीला मूळ नंबर प्लेट नव्हती. तिथल्या एका हवालदारानं गाड्या धुऊन, इंजिन आणि चेसिस नंबर वाचून, ठिकठिकाणच्या नोंदलेल्या गुन्ह्यांशी ताडून पाहिले. आमची गाडी सापडली ती या माणसाच्या चिकाटीमुळं, आणि एफआयआरमध्ये चेसिस नंबर बरोबर लिहिलेला होता म्हणून. तक्रार नोंदलीच नसती तर ताडायचं कशाशी? पोलिसांवरचा माझा राग त्या दिवशी अर्धा विरघळला. उरलेला अर्धा मी राखून ठेवला आहे, कारण एका ठाण्यातल्या माणसाचं चांगलं काम दुसऱ्या ठाण्यातल्या हलगर्जीची भरपाई करत नाही.

पण गाडी सापडणं आणि मिळणं यात अंतर असतं. ती आता मुद्देमाल होती. मुद्देमाल परत हवा तर न्यायालयात अर्ज, बंधपत्र, जामीनदार, आणि पुन्हा तोच प्रश्न: गाडी कुणाच्या नावावर आहे? हडपसरच्या मुलाला पुन्हा यावं लागलं, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि वारसाचं प्रतिज्ञापत्र घेऊन. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत. पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन ती लवकर सोडावीत. तरी कुठल्याही ठाण्याच्या मागच्या अंगणात डोकावून पाहा, गवत उगवलेल्या गाड्यांच्या रांगा दिसतात. त्यातल्या कितीतरी अशाच असणार: चोरी झाली, सापडली, पण कागदावरचा मालक आणि खरा मालक वेगळे, म्हणून न्यायला कुणी येत नाही.

मामांची गाडी मिळाली तेव्हा बॅटरी, किटल्यांचे हूक आणि मागचं चाक नव्हतं. विम्याचा आधार नव्हताच. दरवर्षी ७१४ रुपये अधिक कर भरून मामा घेत होते तो थर्ड पार्टी विमा. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, चोरीसाठी नाही. "इन्शुरन्स आहे की!" असं मामा शेवटपर्यंत म्हणत होते, आणि हे त्यांना समजावून सांगणं मला फार जड गेलं. ज्यांच्याकडं चोरीचं संरक्षण देणारा विमा आहे त्यांनी पोलिसांबरोबर कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावं. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर चोरीला गेल्याची फिर्याद लगेच दिली होती, पण कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारला गेला. गुरशिंदर सिंग यांचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. फिर्याद वेळेवर असेल तर केवळ उशिरा कळवलं या कारणानं दावा फेटाळता येत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. ट्रॅक्टर गेला होता २०१० मध्ये. दहा वर्षं लढण्याची ताकद सगळ्यांत नसते.

गाडी आल्यावर भवानीनगरच्या मेस्त्रीनं एका दुपारी जे केलं ते आधीच व्हायला हवं होतं. नवा लॉक सेट बसवला, म्हणजे किल्लीचं कुलूप, टाकीचं झाकण आणि बाजूची पेटी एकाच नव्या किल्लीवर आली, आणि हँडल लॉकही लागू लागलं. सीटखाली एक चोर स्विच बसवला. तो बंद असला की किल्ली फिरवूनही गाडी चालू होत नाही. मागच्या चाकात घालायला जाड साखळी आणि कुलूप घेतलं. सगळं मिळून हजार-दीड हजारांत बसलं. घरच्यांनी जीपीएस बसवायचा आग्रह धरला, मी विरोध केला. दुचाकीची बॅटरी आधीच लहान, त्यात यंत्र रात्रंदिवस वीज खाणार आणि सिमचा रिचार्ज मामा विसरणार. ट्रॅक्टर किंवा पिकअपला मात्र ते जरूर बसवावं, तिथं बॅटरीही मोठी असते आणि मालही. दुचाकीला साखळी बरी. ती तोडायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि रांगेत शेजारी बिनसाखळीची गाडी असली तर चोर तिच्याकडं वळतो. हे लिहिताना मलाच बरं वाटत नाही, कारण ती शेजारची गाडीही कुणातरी दूधवाल्याचीच असणार.

नव्या नंबर प्लेटबद्दल माझं मत या प्रकरणानं बदललं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची केली तेव्हा मी चिडलो होतो. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, कशासाठी? मार्च २०२५ ची मुदत वाढत गेली तशी माझ्यासारख्यांना टाळाटाळीला सवडच मिळाली. ती प्लेट चोरी थांबवत नाही. पण तिच्यावर होलोग्राम आणि लेझरनं कोरलेला क्रमांक असतो, आणि तिचं कुलूप एकदा तोडलं की पुन्हा बसत नाही. पेंटरकडून शंभर रुपयांत रंगवलेली पाटी लावून चोरीची गाडी फिरवणं सोपं जातं ते कितीतरी गाड्यांना जुनीच पाटी असते म्हणून. सगळ्या गाड्यांना नवी बसली तर रंगवलेली पाटी लांबूनच ओळखू येईल.

कागद नावावर नसण्याचा धोका विकणाऱ्यालाही तितकाच आहे. हातोहात विकल्या गेलेल्या एका मोटारीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये, नवीन कुमार प्रकरणात, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव होतं त्यालाच भरपाईला जबाबदार धरलं. हडपसरच्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आमची गाडी चोरानं कुणाच्या अंगावर घातली असती तर पहिली नोटीस त्याच्या वडिलांच्या नावानं निघाली असती.

मामांची गाडी आता मामांच्या नावावर आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यानं फेरनोंदणीचे १००० रुपये, पर्यावरण कर, नवी प्लेट आणि हस्तांतरण असा खर्च एकदमच आला, म्हशीच्या पेंडीचे पैसे त्यात गेले. तुमच्या दारात एमएच ४२ ची जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर उभी असेल तर विकणारा हयात आहे, फोन उचलतो आहे, तोवर बारामतीच्या आरटीओत जाऊन ती नावावर करून घ्या; आणि आजच तिच्या इंजिन-चेसिस नंबरचा स्वच्छ फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.