राखण

पूर म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला पाणी आठवतं. चिपळूणकराला चिखल आठवतो. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी गावात शिरल्या. वर सह्याद्रीत पाऊस थांबत नव्हता, खाली दाभोळच्या खाडीला भरती होती. पाणी जाणार कुठे? बाजारपेठेत ते माणसाच्या उंचीच्या वर चढलं. आगारात एसटीच्या टपावर बसून रोकड सांभाळावी लागली. 1864 पासून गावाला पुस्तकं पुरवणाऱ्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पुस्तकांचा लगदा झाला. ताईच्या तळमजल्यावरच्या घरात पलंगाखाली भाच्याची गिटार होती, तीही गेली. म्हणजे वाहून नाही गेली. आम्ही परत आलो तेव्हा ती दारामागे उताणी पडली होती, पोटात चिखल भरलेला, मागची फळी डिंक सुटून उकललेली. त्याने ती धुतली आणि गोधड्यांशेजारी दांडीवर टांगली.

आठ दिवस तो खपत होता. फावडं, घमेलं, खराटा. शेजारच्या आजींचं कपाट त्याने एकट्याने बाहेर ओढलं. घर धुऊन झालं, भिंतींवर पाण्याची रेघ तेवढी राहिली, आणि मग तो गप्प झाला. जेवायला हाक मारली तर यायचा, चार घास खायचा, पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचा. रात्री पाऊस वाजायला लागला की उठून जिन्यात बसायचा. बावीस वर्षांचा मुलगा. लोक म्हणाले, मनाला लावून घेतलंय. कोणी म्हणालं, बाहेरचं काही असेल, देवळात गाऱ्हाणं घाला. एक जण ताईच्या तोंडावर हसत म्हणाला, आता रत्नागिरीला न्यायचं की काय? आमच्या भागात या वाक्यातल्या रत्नागिरीचा अर्थ मनोरुग्णालय असा असतो. ते हसणं माझ्या कानातून अजून जात नाही. ज्या गावाला मनाच्या दवाखान्याचं नाव फक्त टोमणा मारायला आठवतं, त्या गावातल्या पोराने आपलं दुखणं कोणापाशी बोलावं?

आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ‘डिप्रेशन’ हा शब्द ताप-खोकल्यासारखा सरळ उच्चारला, गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला बोलावलं. सरकारची 14416 ही मनाच्या दुखण्यासाठीची हेल्पलाइन त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर 2022 मध्ये आली. तेव्हा हाती असती तर ताईने रात्री-अपरात्री तीच फिरवली असती. त्या वेळी ती मला फोन करायची. मी तिला काय सांगणार? मी फक्त फोन ठेवायची नाही.

गणपती गेले. एके संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसले होते. त्याने न बोलता इअरफोनचं एक बोंडूक माझ्या हातात दिलं. माझे कान भजनाचे आणि नमन-खेळ्यांचे, रॉकशी त्यांची ओळख नव्हती. “हा माइक शिनोडा,” तो म्हणाला. कित्येक दिवसांनी ऐकलेलं त्याचं पहिलं अख्खं वाक्य. मग तुकड्यातुकड्यांनी त्याने सांगितलं. लिंकिन पार्क नावाचा अमेरिकन बँड. चेस्टर बेनिंग्टन हा त्यातला मुख्य गायक. आपल्या नैराश्याबद्दल तो उघड बोलायचा. मे 2017 मध्ये त्यांचा ‘वन मोअर लाइट’ अल्बम आला. त्याच नावाचं गाणं त्यांनी कॅन्सरने गेलेल्या एका मैत्रिणीसाठी केलेलं. दोन महिन्यांनी, 20 जुलैला, चेस्टरने स्वतःचं आयुष्य संपवलं, आणि जगभर लोक तेच गाणं त्याच्यासाठी लावून रडू लागले. एकीसाठी शिवलेली गोधडी दुसऱ्यावर घातली गेली.

शिनोडा त्याचा साथीदार. मित्र गेल्यावर तो घरी बसून गाणी लिहीत राहिला. पुढच्या जूनमध्ये त्यांचा अल्बम झाला, ‘पोस्ट ट्रॉमॅटिक’, आघातानंतरचा. त्यातलं एक गाणं 2017 च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसला चेस्टरच्या आठवणीत झालेल्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवसांतलं आहे. निरोप एकदा घेऊन भागत नाही, रोज नव्याने घ्यावा लागतो, ही त्यातली कळ. दुसऱ्या एका गाण्यात एकट्याने पाऊल उचलताना जुन्या सोबत्यांना काय वाटेल याची धाकधूक आहे. पण माझ्या मनात घर केलं ते पहिल्याच गाण्याने. ते संपत येतं तेव्हा सूर खाली जातात आणि मित्रांनी फोनवर ठेवलेले निरोप ऐकू येतात. कोणी विचारपूस करतंय, कोणी फक्त आपण आहोत एवढं कळवतंय. गाणाऱ्याने ते पुसले नाहीत. ते गाण्याचाच भाग झाले.

ते ऐकताना मला आमचं गाऱ्हाणं आठवलं. देवळासमोर एक जण उभा राहून गावाचं दुःख एकेक करून देवापुढे मांडतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर भोवतीची माणसं एका आवाजात म्हणतात, “होय महाराजा!” इतकी वर्षं मला वाटायचं की गाऱ्हाण्याचं बळ मांडणाऱ्याच्या वाणीत असतं. त्या संध्याकाळी वाटलं, ते त्या होकारात असावं. त्या निरोपांमध्ये मला तोच होकार ऐकू आला. भाच्यासाठी गाऱ्हाणं घाला म्हणणारे अगदीच चुकले नव्हते. फक्त ते त्याच्या वतीने घालायला निघाले होते. त्याचं त्याला घालू द्यायला हवं होतं, आणि आपण होकार भरायला हवा होता.

दिवाळीनंतर आम्ही दोघांनी ‘कासव’ पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, 2017 साली सुवर्णकमळ मिळालेला. सुमित्राताई पुराच्याच वर्षी, एप्रिलमध्ये गेल्या होत्या. जीव नकोसा झालेला एक तरुण आणि त्याला आपल्या घरी आणणारी जानकी. ती स्वतः त्याच वाटेने जाऊन आलेली, म्हणून त्याला प्रश्न विचारत नाही. जेवण ठेवते, दार उघडं ठेवते. भोवती समुद्र आणि कासवांची अंडी जपणारी माणसं. चिपळूणच्या माणसाला हे पाहताना भाऊ काटदरे आठवल्याशिवाय कसे राहतील? त्यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र या इथल्याच संस्थेने 2002 मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी घरटी उकरून अंडी नेली जायची. त्याच गावची माणसं पुढे पहाटे उठून पुळणीवर कासविणीच्या पावलांचा माग काढू लागली.

मार्चमध्ये त्याला घेऊन वेळासला गेले. जाळीच्या कुंपणात ओळीने खड्डे. कासवीण जसा खणते तसाच, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद खड्डा करून त्यात अंडी पुन्हा पुरतात. एकेका घरट्याची शंभराच्या आसपास. पुढचे पन्नासेक दिवस माणसाने करायचं एवढंच: कुत्री आणि कोल्हे लांब ठेवायचे. ऊब वाळूची. अंडी घालताना कासविणीच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, असं तिथल्या कार्यकर्त्याने सांगितलं. लोक म्हणतात, ती रडते. खरं तर समुद्रात राहून अंगात साठलेलं जादा मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकत असते, आणि ते तिचं कायमच चालू असतं. पाण्यात कोणाला दिसत नाही एवढंच. भाचा हे ऐकून बराच वेळ कुंपणाला धरून उभा होता.

संध्याकाळी एका घरट्यावरची टोपली उचलली. खाली अकरा पिल्लं, करवंटीच्या तुकड्याएवढी. त्यांना पाण्यापासून काही हात अलीकडे, वाळूवर सोडलं. दोन्हीकडे दोऱ्या, दोऱ्यांमागे माणसं. उचलून पाण्यात का नाही ठेवत, असं एका लहान मुलीने विचारलं. चालू दे त्याचं त्याला, कार्यकर्ता म्हणाला, आपण वाट मोकळी ठेवायची. दहा पिल्लं लाटेत गेली. अकरावं मध्येच थांबलं. मान वाळूत टेकलेली. कोणीतरी पुढे झुकलं, कार्यकर्त्याने नुसता हात आडवा धरला. शंभरेक माणसं तिथे होती, पण लहान पोरंसुद्धा बोलत नव्हती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. पिल्लाने एक वल्हं हलवलं, मग दुसरं.

परतीच्या गाडीत काळोख झाल्यावर त्याने मला पुन्हा एक बोंडूक दिलं. त्याने मोबाइलवर काहीतरी टिपलं होतं. मी कान लावला. लांबून लाटेचा आवाज, कोणाच्या तरी चपलेखाली वाळू, एक दबलेला खोकला. बाकी काही नव्हतं.

“हे कसलं?” मी विचारलं.

“ते थांबलं होतं ना मावशी, तेव्हाचं,” तो म्हणाला. “सुरुवात इथून करीन म्हणतोय. गिटारची मागची फळी चिकटवून मिळेल का कुठे, बघायला हवं.”