शंभर टक्के हजेरी

लहानपणी कांजिण्या आल्या की आजी खपल्या पडेपर्यंत उंबरठा ओलांडू देत नसे. शाळेत चिठ्ठी जायची, बास!

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा. पुण्यामुंबईतल्या शाळा काही दिवस बंद झाल्या. मग २०२० मध्ये करोना आला आणि दोन जड शब्द कानी पडले: आजाऱ्याला वेगळं ठेवणं ते विलगीकरण, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या धडधाकट माणसाला वेगळं ठेवणं ते अलगीकरण. आजीला शब्द ठाऊक नव्हते, अर्थ मात्र पक्का ठाऊक होता.

आता गंमत बघा. इथे पनवेलला माझ्या भाचीच्या शाळेत 'शंभर टक्के हजेरी'चं बक्षीस पुन्हा सुरू झालंय! अंगात ताप असला तरी बाईसाहेब दप्तर भरून तयार. ताई हार्बर लोकलने मुंबईला नोकरीला जाते, तिला तरी सारखी रजा कोण देणार? मग तापाची गोळी देऊन पाठवणी होते.

नियम चांगलेच आहेत हो. पण आजारपणाचा खाडा जोवर बक्षीस हुकवतो, तोवर ते शाळेच्या भिंतीवरच राहणार. ते बक्षीसच बंद करावं, असं मला वाटतं. तुम्हाला?